दसऱ्यानंतरचा पट

ऑक्टोबरच्या हजेरीपटात मला दर वर्षी एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागतो: स्थलांतरित. लाल शाईने नावापुढे तो लिहायचा आणि पुढचे रकाने आडव्या रेघेने मिटवून टाकायचे. कुणाची रेघ मार्चपर्यंत जाते, कुणाची एप्रिलपर्यंत. बालाघाटाच्या डोंगरातली आमची वाडी दोनशे-अडीचशे माणसांची. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की कारखान्यांच्या गाड्या फाट्यावर उभ्या राहायला लागतात. काही टोळ्या दिवाळी करून निघतात, पण मुकादमाकडून उचल घेतलेली असली की तारीख आपल्या हातात राहत नाही. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, कोपीचे म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, डालग्यातल्या कोंबड्या, दाव्याची शेळी आणि या सगळ्यावर गोधडीत गुंडाळलेली लेकरं घेऊन गाडी रात्रीच निघते. दुसऱ्या दिवशी मी सतरंजी टाकते तेव्हा ती मला आदल्या दिवशीपेक्षा मोठी दिसते.

२००९ पासून मी इथे अंगणवाडी सेविका आहे. त्याआधी लग्नानंतरचा एक हंगाम मी स्वतः कोयता म्हणून गेले होते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. थोरली माझ्या पोटाशी होती. फडात पाचटावर तिला निजवायचं, वर साडीची सावली करायची आणि दर दहा मिनिटांनी वळून पाहायचं. ट्रॅक्टर मागे घ्यायला लागला की हातातली मोळी टाकून तिच्याकडे धावायचं. त्यामुळे ‘लेकरं सोबत का नेता?’ असा प्रश्न मी कोणत्याही बाईला विचारत नाही. मागे ठेवायला कुणी नसतं म्हणून ती नेते. मागे ठेवायला कुणी मिळालं तर काय होतं, ते मला इथे सांगायचं आहे.

आमची अंगणवाडी परवापर्यंत मिनी होती. साध्या भागात ४०० ते ८०० लोकवस्तीला एक मोठी अंगणवाडी आणि १५० ते ४०० वस्तीला एक मिनी, असं प्रमाण ठरलेलं होतं. मोठीला सेविका आणि मदतनीस अशा दोघी, मिनीला सेविका एकटी. कागदावर ते बरोबर दिसतं. लेकरं निम्मी, तर माणसंही निम्मी. मानधनही कमी. २०१८ साली केंद्राने आपला वाटा वाढवला तेव्हा मोठीच्या सेविकेला ४,५०० आणि मिनीच्या सेविकेला ३,५०० झाले. २०२३ साली राज्यात मोठीला १०,००० आणि मिनीला ७,२०० ठरले. मोठीतल्या मैत्रिणीला माझ्याहून जास्त मिळायचं याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लेकरं कमी म्हणजे काम कमी, हा जो हिशोब त्यामागे होता, त्याचं वाटतं.

कारण काम लेकरांच्या संख्येवर चालत नाही. सकाळी कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, हापशावरून पाणी आणायचं, मग घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची. तीन वर्षांचं लेकरू आपल्या पायांनी येत नाही. आई रानात गेलेली असते आणि आजी म्हणते, ‘झोपलंय, उद्या घिऊन जा.’ लेकरं बसली की गाणी, मणी, चित्रं, गोष्ट. मग खिचडी किंवा उसळ वाढायची, हात धुवायचे, कुणाला शी झाली तर मागे न्यायचं. त्यात लसीकरणाचा दिवस, गरोदर बाईची नोंद, नवं बाळ जन्मलं तर त्याचं वजन, सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांचा घरी न्यायचा आहार, महिन्याची वजनं, सर्वेक्षण, नोंदवह्या. मोठ्या अंगणवाडीत यातलं एकही काम वेगळं नसतं. फक्त तिथे एक बाई लेकरांजवळ असते तेव्हा दुसरी दाराबाहेर जाऊ शकते. माझ्याकडे दाराबाहेर जाणारी आणि लेकरांजवळ बसणारी बाई एकच होती.

माझ्याकडे तीन ते सहा वयाची साधारण एकोणीस लेकरं पटावर असतात. दसऱ्यानंतर ती सात-आठ उरतात. मासिक बैठकीत मी मदतनिसाचा विषय एकदा काढला होता. उत्तर मिळालं, ‘सात लेकरांना दोन बाया कशाला?’ सगळ्याजणी हसल्या. मीही उठून बोलले नाही. घरी येताना मनात बोलत आले, सात लेकरं असली तरी ती सात घरांतून आणायची असतात.

पण दुसऱ्या बाईची गरज मला खऱ्या अर्थाने कळली ती त्याआधीच, २०१६ च्या नोव्हेंबरात.

त्या वर्षी चार वर्षांचा एक मुलगा आजीजवळ राहिला होता. आजीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. आईबाप कर्नाटकात, बेळगावकडच्या कारखान्याला गेलेले. लेकरू गुणी. रडायचं नाही, भांडायचं नाही, सतरंजीच्या कडेला बसून दोरा सुटेपर्यंत ती कड उसवत राहायचं. त्या दिवशी मळ्यातल्या वस्तीवर एका बाळंतिणीकडे जायचं होतं. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, वजन दोन किलोच्याही आत, ते पुन्हा पाहणं गरजेचं होतं. पाऊलवाटेने वीस मिनिटं जायला, वीस यायला. लेकरांजवळ अकरा वर्षांची एक मुलगी बसवली. ती धाकट्या भावाला घेऊन रोज यायची, शहाणी होती. मी तिला म्हटलं, ‘दाराशी बस, कुणाला बाहेर जाऊ देऊ नको. मी आलेच.’

परत आले तर सहाच लेकरं. ती मुलगी घाबरून भिंतीला टेकून उभी. एकाला बाहेर न्यायला ती मागे गेली, तेवढ्यात हा निघून गेला होता. मी आधी आजीकडे धावले. तिथे नाही. मग विहिरीवर. वाकून पाण्यात पाहिलं तेव्हा माझे पाय आवरत नव्हते. मग ओढा, मग देऊळ. शेवटी दूध घालून परतणारा एक दादा मोटारसायकल थांबवून म्हणाला, ‘बाई, तुमचं एक लेकरू फाट्याच्या मोरीवर बसलंय, तिथून हलंना.’

फाटा दीड किलोमीटरवर आहे. तो मोरीच्या कठड्यावर पाय सोडून बसला होता. रस्त्यावरून उसाच्या, सिमेंटच्या, वाळूच्या गाड्या जात होत्या आणि तो प्रत्येक गाडीकडे मान वळवून पाहत होता. मी त्याला उचललं, छातीशी धरलं. रागावायचं तर मला सुचलंच नाही. ‘इथं का आलास रे?’ तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘गाडी येनार हाय. मायला सांगायचंय, मी उठलोय.’

ती रात्री गेली होती. तो झोपला होता, रडेल म्हणून त्याला उठवला नव्हता. सकाळी उठल्यापासून, म्हणजे जवळजवळ महिनाभर, तो आपण उठल्याचं सांगायची वाट पाहत होता.

पुढचे चार दिवस मी बाहेर पडताना दाराला बाहेरून कडी लावली. हे लिहायला जड जातं. आत लेकरं दार वाजवत होती, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत पाठ करून चालत होते. चौथ्या दिवशी एकीने दाराच्या फटीतून बोटं बाहेर काढली होती. त्यानंतर कडी लावली नाही. सकाळची सगळी बाहेरची कामं बंद केली. गृहभेटी संध्याकाळी, मालकांच्या मोटारसायकलवर मागे बसून, अंधार पडेपर्यंत. जी लेकरं आपणहून येत नव्हती ती घरीच राहू लागली. माझी हजेरी आणखी घटली. तपासणीत शेरा आला, हजेरी कमी आहे, प्रयत्न वाढवावेत.

आमच्या कामाचं नाव ज्या कल्पनेतून आलं तिची मला त्या दिवसांत फार आठवण यायची. सेवेत आल्यावरच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणायचे. मूल येत नसेल तर आपण जायचं, हे या कामाच्या नावातच आहे. पण जायचं तर बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायचं तर आत कुणीतरी बसलेलं हवं. बोर्डीला आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई अशा दोघी होत्या, हे मला प्रशिक्षणात जाणवलं नव्हतं. नंतर जाणवलं.

पटाला गळती फक्त उसामुळे लागते असंही नाही. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन तीन वर्षांपासून आमच्या फाट्यावर येते. दोन-तीन घरांनी लेकरं ज्युनियर केजीत घातली. टाय बांधून सकाळी साडेसातला ती उभी असतात. त्यांच्या आया मला टाळून जातात, त्यांना अवघडल्यासारखं होतं. मी त्यांना बोल लावत नाही. लेकरू शिकावं ही त्यांची धडपड खरी आहे. मला खंत याची वाटते की चार वर्षांच्या लेकराने मातीत हात घालावेत, मणी ओवावेत, गोष्ट ऐकून आपली सांगावी, हेच त्या वयाचं शिक्षण आहे, हे त्यांना पटवून द्यायला माझ्याजवळ निवांत एक तास कधीच नव्हता. दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषदेची शाळा. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांवर टांगती तलवार असते. गुरुजी भले आहेत, पण जूनमध्ये तेही माझ्या मोठ्या गटाकडे आशेने पाहतात. सहा पूर्ण व्हायला अवकाश असलेलं लेकरू पहिलीत जाऊन बसतं. दोन सरकारी खोल्या, मधे एक भिंत, आणि दोन्हीकडे तीच चार लेकरं मोजायची ओढ.

पट उतरला की आहारही अडतो. आहाराचा दर लेकरामागे दिवसाला ८ रुपये. सात लेकरांचे झाले ५६. एवढ्यात सरपण, तेल, भाजी आणि बाईचे कष्ट कसे बसणार? शिवाय हंगामात आहार शिजवणाऱ्या बचतगटातल्या बायकाच तोडीला गेलेल्या. कित्येक हिवाळे खिचडी मीच शिजवली. डाळ शिजेपर्यंत चुलीकडे पाठ करता येत नाही आणि लेकरांकडेही नाही. मी दारात बसायचे. एक डोळा आत, एक बाहेर.

हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण ती शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. सहाच्या आतल्या लेकराला त्यात जागा नाही. त्यांची सोय म्हणजे आम्ही. स्थलांतरित लाभार्थ्याला जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत आहार मिळावा असे आदेश आहेत, आणि आता स्थलांतराची नोंदही मोबाईलवर होते. पण फड गावापासून दूर असतो आणि आठ-दहा दिवसांनी कोपी उठते. तिथल्या सेविकेलाही तिच्या पटावरची लेकरं सोडून फडापर्यंत जायचं असतं. ती एकटी असेल तर तिचीही गाठ तीच.

एप्रिलमध्ये लेकरं परत येतात. डोक्याचे केस उन्हाने पिंगट, पायाला पाचटाचे कापे. मी पहिल्या आठवड्यात वजनं घेते, उंची घेते, दंडाला पट्टी लावते. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टीची खूण लालमध्ये येते, म्हणजे तीव्र कुपोषण. एका वर्षी दोन वर्षांच्या एका मुलीचा दंड मी तीनदा मोजला. तीनही वेळा लाल. दसऱ्याच्या आधी ती हिरव्यात होती, मी स्वतः नोंद केली होती. तिच्या आईने विचारलं, ‘बाई, लई वाळलंय का?’ मी म्हटलं, ‘भरून निघंल, दोन महिने रोज आणायचं.’ भरून निघालंही. पण तिच्या वाढीच्या तक्त्यावर सप्टेंबरचा ठिपका आणि एप्रिलचा ठिपका यांच्यामधून मी रेघ ओढली नाही. मधे काय झालं ते मला माहीत नव्हतं.

२०२२ मध्ये सक्षम अंगणवाडी व पोषण २.० च्या सूचना आल्या आणि मिनी अंगणवाड्या पूर्ण अंगणवाड्या होणार, प्रत्येकीला मदतनीस मिळणार असं कळलं. नंतर राज्याने मिनी अंगणवाड्यांची श्रेणीवाढ केली. मधल्या काळात ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४ असा आमचा राज्यभर संप झाला. मी त्यात होते आणि मला त्याचा अभिमान आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला होता, तरी आम्हाला रस्त्यावर उतरावं लागलं. पण त्या ५२ दिवसांत आमच्या दाराला कुलूप होतं आणि ते नेमके हंगामाचे दिवस होते. मागे राहिलेली लेकरं मला वाटेत भेटायची आणि विचारायची, ‘बाई, शाळा कवा?’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी खोडून टाकता येत नाही.

मदतनिसाची जागा आली, पण बाई मिळवणं सोपं नव्हतं. आता मदतनिसालाही बारावी पास असावं लागतं, वय १८ ते ३५, आणि राहणारी गावातलीच. अट चांगली आहे. पण आमच्यासारख्या वाडीत बारावी झालेल्या, त्या वयाच्या सुना किती? मी बोटांवर मोजल्या, तीन भरल्या. एक नवऱ्यासोबत पुण्याला, बांधकामावर. दुसरीला सासूने परवानगी दिली नाही. तिसरी दोन हंगाम तोडीला जाऊन आलेली, पाठीला पोर असलेली, गावच्या नात्याने मला काकू म्हणणारी. तिला मी जागेबद्दल सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. मग पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत तिने हिशोब मांडला. ती थांबली तर नवरा अर्धा कोयता होणार. एकट्याला उचल निम्मी. मदतनिसाचं मानधन त्या वेळी ५,५०० होतं. हंगामाच्या सहा महिन्यांत जोडीने जे कमावलं असतं त्याच्या जवळपासही ते जात नव्हतं. पण ते बारा महिने येणार होतं आणि तिचं पोर फडात जाणार नव्हतं.

‘घरच्यांना इचारते,’ म्हणाली. आठ दिवस आली नाही. मीही गेले नाही. दुसऱ्याच्या घरातला कोयता मोडायला सांगायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. नवव्या दिवशी तिचा नवराच गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घेऊन आला. ‘मी भावासंगं जाईन,’ म्हणाला. ‘हिला ऱ्हाऊ द्या.’

२०२४ च्या हंगामाआधी तिची नेमणूक झाली. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, ‘काकू, मी काय करू?’ एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, ‘तू इथं बस. मी वरच्या आळीतली लेकरं घेऊन येते.’ वरच्या आळीत मी सकाळच्या वेळी आठ वर्षांत गेले नव्हते.

मदतनीस म्हणजे स्वयंपाक आणि झाडलोट, असं पुष्कळांना वाटतं. ती हे करते, मीही करते. पण तिच्यामुळे मुख्य काय बदललं ते सांगायला मी एक गोष्ट सांगेन. पूर्वी एखादं लेकरू दोन दिवस दिसलं नाही तर मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळायचं की त्याला ताप आहे. आता त्याच सकाळी कळतं. कुणी न येणं ही आता माझ्यासाठी नुसती गैरहजेरीची फुली राहिलेली नाही, तिच्यामागे घर आहे, आजी आहे, आणि तिथवर जायला दोन पाय मोकळे आहेत. आणि खोलीत मी आता लेकरांकडे दोन्ही डोळ्यांनी बघते. मोठ्या गटाला कापडी बाहुल्यांचं नाटक करून दाखवते. एक लेकरू अक्षरं सोडून दिवसभर उसाच्या मोळ्या काढायचं, त्याला रंगांनी फड काढायला दिला. त्याने हिरवा सोडून सगळा कागद काळा केला. ‘रातीचा हाय,’ म्हणाला. रात्री ऊस भरणाऱ्या गाड्यांचा दिवा त्याने कोपऱ्यात पिवळा काढला होता. मदतनीस नसती तर मी ते चित्र पाहिलं असतं का, मला शंका आहे.

त्या हंगामात सातच्या ठिकाणी अकरा लेकरं मागे राहिली. मी कुणाला ‘ठेवून जा’ म्हटलं नव्हतं. बायकांनी आपणहून पाहिलं की दार दिवसभर उघडं असतं आणि आत कुणीतरी असतं. तरी यात मी एक सांगेन. सगळीच लेकरं मागे ठेवावीत असं माझं म्हणणं नाही. अंगावर पिणारं लेकरू आईजवळच हवं, मग फडात का होईना. आणि चार वर्षांच्या लेकराला सहा महिने आई दिसत नाही, ही काही साधी गोष्ट नाही. आम्ही तिची जागा भरून काढत नाही. रोज दुपारी जेवण झाल्यावर मदतनीस फोन लावते. तिकडे आई कोयता खाली ठेवून बोलते. लेकरू बहुतेक वेळा काहीच बोलत नाही, फोन गालाला लावून उभं राहतं.

आहार वाटपाला जुलै २०२५ पासून चेहरा नोंदवावा लागतो. नोंदवहीवर आजीचा अंगठा चालायचा. फोन आईचा चेहरा मागतो आणि आई बेळगावला. ज्यांनी हे केलं त्यांचा हेतू चांगला असेल, खरं लेकरू उपाशी राहू नये हाच असेल. पण आमच्या वाडीतला चेहरा सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असतो, हे त्या फोनला कुणीतरी शिकवायला हवं. मी हे बैठकीत उठून सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. आमच्या बीटमधल्या आणखी चौघी उभ्या राहिल्या.

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली होती. त्याला बरोबर त्याच दिवशी ५० वर्षं झाली. आमच्याकडे त्याचं कुणाला भान नव्हतं. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं, कापूस काळा पडला, ओढ्याकडेच्या रानातली मातीसुद्धा वाहून गेली. यंदा जायचं नाही असं ज्या घरांनी ठरवलं होतं, त्यांनीही उचल घेतली.

मोरीवरच्या त्या दुपारनंतर मी एक गोष्ट दर वर्षी करते. गाड्या निघायच्या आधी मागे राहणाऱ्या लेकरांच्या आयांना सांगते, झोपेत ठेवून जाऊ नका. उठवा. सांगा की आम्ही चाललो, कुठे चाललो, कधी येऊ. रडलं तर रडू द्या. एकटी असताना मी दोन-तीन घरांनाच पुरायचे, कारण सगळ्यांची निघायची वेळ एकच, रात्री दोन-अडीचची. या वेळी आम्ही दोघींनी आळ्या वाटून घेतल्या. मी खालची, तिने वरची.

वरच्या आळीला एका घरी साडेतीन वर्षांची पोर होती. तिची आई उठवायला तयार नव्हती. ‘मला जाववणार न्हाई गं मग,’ म्हणत उंबऱ्यातच बसली. मदतनिसानेच पोरीला उठवून तिच्या मांडीवर दिलं. ती सांगते, आईने पोरीला सांगितलं, आम्ही ऊस तोडाया जातोय, तू आजीपाशी आणि ताईपाशी ऱ्हायचं, पाडव्याला येतो. पोर आधी समजली नाही, मग रडली, खूप रडली. गाडीचा दिवा वळणावर दिसेनासा होईपर्यंत मदतनीस तिला कडेवर घेऊन फाट्याच्या वाटेवर उभी होती.

सकाळी साडेनऊला आम्ही सतरंजी टाकली. दोघींनाही झोप नव्हती. पटावर एकोणीस, त्यातली सात लाल शाईत गेली, बारा उरली. मी नावं वाचत होते, ती डोकी मोजत होती. अकरा भरली. तिने पुन्हा मोजली.

‘वरच्या आळीची आली न्हाई,’ ती म्हणाली. ‘मी आणते काकू.’ आणि चपला पायात घालून ती निघाली.